मानसिक पंथपट

नाहरकतरावांना आयुष्यात पहिल्यांदा एक मत झालं, आणि ते नेमकं सिनेमाबद्दल झालं, तिथून सगळ्या भानगडीला सुरुवात झाली. त्याआधी त्यांना मतंच नव्हती असं नाही. असतीलही. पण ती कोणी मागितली नव्हती आणि त्यांनीही आपण होऊन कोणाच्या गळ्यात मारली नव्हती. कचेरीत ते ज्या खिडकीत बसत, तिच्यावर ‘ना हरकत दाखला’ अशी पाटी होती. कोणाला दुकानावर फलक लावायचा असो, गल्लीत मांडव घालायचा असो, की भिंत फोडून खिडकी काढायची असो, कागद त्यांच्यापुढे यायचा आणि ते त्यावर ‘हरकत नाही’ असं लिहून खाली सही ठोकायचे. लिहून लिहून ते त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की घरात पडद्यांचा रंग विचारला तरी हरकत नाही आणि भाजीत मीठ विसरलं तरी हरकत नाही. नाव त्यांना कचेरीने ठेवलं आणि शेजाऱ्यांनी आनंदाने उचलून धरलं. खरं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं.

तर ते मत. झालं असं, की लेकीच्या खोलीला रंग लावायचं काम निघालं होतं, म्हणून ती आपला लॅपटॉप घेऊन बाहेरच्या खोलीत सिनेमा बघत बसली. लेकीला दुसऱ्या शहरात नकाशे तयार करणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली होती आणि पुढच्या महिन्यात ती जाणार होती. ती मैत्रिणीशी फोनवर अशा सिनेमांबद्दल तासन्‌तास बोलायची. बापाशी मात्र ‘हो’, ‘नाही’ आणि ‘माझा चार्जर बघितलात का’ यापलीकडे गाडी जात नसे. लेक जाणार याचं नाहरकतरावांना वाईट वाटत होतंच, पण काही न बोलताच जाणार याचं जास्त वाटत होतं. दोघांत भांडण म्हणाल तर अजिबात नव्हतं. भांडायलाही काहीतरी विषय लागतो.

ते पेपर वाचत बसले होते. पेपराच्या वरून लॅपटॉप दिसत होता. सिनेमातल्या घराच्या छतातून पाणी गळत होतं आणि एक बाई त्याखाली बादली ठेवत होती. बादली भरली की ती दुसरी आणायची. शेवटी घरभर बादल्या झाल्या, आणि प्रत्येक बादलीतून तिचाच चेहरा तिच्याशी बोलायला लागला. इथे नाहरकतरावांच्या तोंडून निघून गेलं, की एवढं गळतंय तर कोणी गच्चीवर जाऊन बघत का नाही.

लेकीने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

“बाबा, त्या घराला गच्चीच नाहीये.”

“मग पाणी येतं कुठून?”

“तेच तर,” लेक म्हणाली आणि हसली.

ते ‘तेच तर’ नाहरकतरावांना फार आवडलं. पुढे सिनेमा संपेपर्यंत त्यांनी आणखी दोन शंका काढल्या आणि दोन्हींना उत्तरं मिळाली. रात्रीच्या जेवणाला लेक आपण होऊन त्यांच्या शेजारी बसली. बायकोने एकदा लेकीकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघितलं, आणि पोळी वाढली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सपाटाच लावला. लेकीकडून नावं विचारून घेतली आणि ती घरी नसताना एकेक सिनेमा बघायला सुरुवात केली. एकात एक माणूस एका लांबच लांब बोळात अडकलेला असतो. दोन्ही बाजूंना सारखीच दारं, आणि तो प्रत्येक दार अदबीने वाजवतो. जाणकार लोक म्हणे या बोळाला माणसाचं मन म्हणतात. नाहरकतरावांचं म्हणणं असं, की बोळ इतका स्वच्छ आहे त्याअर्थी तो कोणीतरी झाडत असणार. दारं वाजवत बसण्यापेक्षा झाडणाऱ्याची वाट बघावी आणि त्याला विचारावं. दुसऱ्या एका सिनेमात एका कारकुनाला शेजारच्या टेबलावर स्वतःच बसलेला दिसतो आणि त्याची बोबडी वळते. नाहरकतरावांना यात घाबरण्यासारखं काही दिसेना. एकाचे दोन झाले, तर काम निम्मं व्हायला पाहिजे. मग दोघेही उशिरापर्यंत कचेरीत का बसतात, हे दिग्दर्शकाने कुठेच सांगितलं नव्हतं. तिसऱ्यात एक अख्खं कुटुंब बकऱ्यांचे मुखवटे घालून मुकाट्याने जेवतं. त्यांना काळजी वाटली ती त्यातल्या आजोबांची. मुखवट्याच्या आत चष्मा मावत नव्हता आणि म्हाताऱ्याला ताटातलं काही दिसत नव्हतं.

ही सगळी मतं ते लेक घरी आली की तिच्यापुढे मांडायचे. ती कधी हसायची, कधी वाद घालायची, आणि एकदा तर त्यांचं चष्म्याचं मत तिने मैत्रिणीला फोन करून सांगितलं. आपलं मत दुसऱ्याच्या फोनवरून जाताना ऐकणं हा अनुभव त्यांना नवा होता. अर्थात या अभ्यासाची थोडी किंमत मोजावी लागलीच. त्या कारकुनाच्या सिनेमानंतर त्यांना आरशात बघायची जरा धास्ती बसली होती, आणि आरशात न बघता दाढी करायची म्हणजे काय होतं, हे त्यांच्या हनुवटीवरची पट्टी कचेरीभर सांगत फिरत होती.

असंच एकदा बोलता बोलता लेक म्हणाली, की ज्यांचे मोजकेच पण कट्टर भक्त असतात अशा या सिनेमांना कल्ट म्हणतात, ते मोठ्या पडद्यावर चार जणांत बघायला पाहिजेत, पण त्यांच्या ग्रुपला कुठे जागाच मिळत नाही. आणि नाहरकतराव म्हणाले, “आपल्या इमारतीचं सभागृह आहे की. मी बघतो.”

या घरात ‘मी बघते’ असं आजवर फक्त बायको म्हणत आली होती. लेकीने विचारलं, खरंच बघाल? मला जायच्या आधी एकदा तरी करायचंय. नाहरकतरावांनी मान हलवली आणि मनातल्या मनात एका रविवारची संध्याकाळ उभी केली. लेकीचे मित्रमैत्रिणी, पुढच्या रांगेत लेक, तिच्या शेजारी आपण, आणि सिनेमा संपल्यावर चर्चा. एवढी एक संध्याकाळ पदरात पडली तर आणखी काही नको होतं.

सभागृह सचिवांच्या ताब्यात होतं. सचिव म्हणजे तळमजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक. शाळा सुटली तरी त्यांच्यातला मुख्याध्यापक काही सुटला नव्हता. सभागृहासाठी अर्ज करावा लागे, आणि अर्जात एक जरी परका शब्द दिसला तरी ते त्याखाली लाल रेघ मारून अर्ज परत करत. नाहरकतरावांनी लिहिलं होतं, ‘सायकॉलॉजिकल कल्ट फिल्म दाखवण्यासाठी सभागृह मिळणेबाबत’. तीन लाल रेघा. ‘मिळणेबाबत’ तेवढं वाचलं.

फिल्मचा चित्रपट करणं सोपं होतं. सायकॉलॉजिकलला सचिवांनीच मानसशास्त्रीय सुचवलं. कल्टपाशी दोघेही अडले. सचिवांनी कपाटातून जाडजूड कोश काढला, बोट फिरवलं आणि विजयी मुद्रेने म्हणाले, “पंथ. पंथाचा चित्रपट तो पंथपट. बघा, आपल्या भाषेत शब्द कमी नाहीत, शोधणारे कमी आहेत.” नाहरकतरावांना ते जरा विचित्र वाटलं, पण समोरचा माणूस इतका खूश झालेला बघून त्यांनी सवयीप्रमाणे सांगितलं, की हरकत नाही.

मग सचिवांनी जिन्यापाशी असलेल्या फळ्यावर स्वतःच्या वळणदार अक्षरात सूचना लिहिली. ‘मानसशास्त्रीय पंथपट’ एका ओळीत मावेना आणि शब्द तोडणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, तेव्हा त्यांनी त्यातलं शास्त्र काढून टाकलं. संध्याकाळी कामावरून येणाऱ्या सगळ्यांनी वाचलं ते असं: ‘मानसिक पंथपट. रविवारी संध्याकाळी, सभागृहात. सर्वांना प्रवेश.’ आणि खाली आयोजक म्हणून नाहरकतराव.

आता यातून कोणी काय अर्थ काढावा, हे ज्याच्या त्याच्यावर होतं, आणि इमारतीत अर्थ काढायला लोकांची कमतरता नव्हती. पहिल्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई भीतभीत वर आल्या आणि बायकोला बाजूला घेऊन विचारू लागल्या, की तुमचे हे पंथात कधी गेले, आणि त्यांच्या पंथात घर सोडावं लागतं की घरात राहून चालतं. बायकोने तिथल्या तिथे त्यांना उडवून लावलं आणि मग आत येऊन नाहरकतरावांना विचारलं, की खरंच काही आहे का. तसं असेल तर आत्ताच सांगा, नंतर मला बाहेरून कळायला नको. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण त्या रात्री झोपायच्या आधी त्यांच्या कपाटातले कपडे एकदा उगाचच आवरून बघितले.

शेजारचे दातांचे डॉक्टर ‘मानसिक’ या शब्दावर अडकले. त्यांनी नाहरकतरावांना गॅलरीतच गाठून तोंड उघडायला लावलं आणि सांगितलं, की मनावरचा ताण पहिल्यांदा दाढांत उतरतो, तुम्ही झोपेत दात खाता का. नाहरकतरावांना माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, माहीत नसणं हेच लक्षण. तिसऱ्या मजल्यावरच्या विमा एजंटाने फळा वाचलाच नव्हता. त्याला कोणीतरी जिन्यात घाईघाईने सांगितलं, की नाहरकतराव पंथाला लागले. पंथाला लागले म्हणजे मृत्युपंथाला, असा त्याने सरळ अर्थ घेतला आणि पडलेल्या चेहऱ्याने भेटायला आला. बराच वेळ हात हातात घेऊन बसला. मग जाताना म्हणाला, तुम्हाला कितीदा सांगत होतो काका, वेळेवर पॉलिसी घ्या, आता कंपनी घेणार नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण इमारतीतलं कोणीतरी कचेरीत बोललं आणि साहेबांनी त्यांना आत बोलावलं. साहेब अतिशय मऊ आवाजात बोलले, आणि नाहरकतरावांना त्याचाच राग आला. माणसाच्या श्रद्धेच्या आड कचेरी येत नाही, असं साहेब म्हणाले, पण मांडवांचे आणि मिरवणुकांचे परवाने तुमच्या खिडकीतून जातात, तेव्हा सध्या काही दिवस तुम्ही जुन्या फायलींकडे बसा. हनुवटीवरच्या पट्टीकडे बघून त्यांनी आणखी एक उसासा टाकला. नाहरकतरावांची खिडकी अशी त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याला गेली, आणि तिथे बसलेल्या पोराने पहिल्याच दिवशी एका साध्या फलकाला हरकत घेतली.

मग मेहुणे आले, तेही बॅग घेऊन. बहिणीला आधार द्यायला आलो म्हणाले. त्यांनी जेवताना पंथांबद्दल बरीच माहिती दिली. हे लोक आधी गोड बोलतात, मग सिनेमे दाखवतात आणि मग राहतं घर लिहून घेतात. मधेच त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, की भावोजी, हा फ्लॅट कोणाच्या नावावर आहे. नाहरकतराव म्हणाले, दोघांच्या. मेहुण्यांनी बहिणीकडे बघून डोळे मिटले आणि उघडले, म्हणजे निम्मं तरी वाचलं.

नाहरकतराव तडक सचिवांकडे गेले आणि फळा पुसा म्हणाले. सचिव म्हणाले, पुसण्याचा प्रश्नच नाही, उलट नवीन अडचण आली आहे. इमारतीच्या नियमांत लिहिलंय, की कुठल्याही पंथाचा कार्यक्रम सभागृहात करायचा तर सर्व रहिवाशांची ना हरकत लागते.

“पण पंथ हा शब्द तुम्हीच काढलात ना?” नाहरकतराव म्हणाले.

“शब्द माझा,” सचिव शांतपणे म्हणाले. “कार्यक्रम तुमचा.”

आयुष्यभर ज्या माणसाने लोकांना ना हरकत दिली, तो आता हातात कागद घेऊन दारोदार ती मागत फिरू लागला. खिडकीच्या या बाजूला उभं राहिलं की कसं वाटतं, हे त्यांना प्रथमच कळत होतं. लोक कागद उलटा करून बघत, सुलटा करून बघत, आत जाऊन कोणाला तरी विचारून येत. आणि नुसतं ‘हरकत नाही’ असं एकानेही लिहिलं नाही. शिवणकामवाल्या बाईंची हरकत नव्हती, पण कोणाचे केस कापायचे नाहीत. डॉक्टरांची नव्हती, पण प्रसाद म्हणून गोड वाटायचं नाही. विमा एजंटाची तर मुळीच नव्हती, फक्त मध्यंतरात त्याला दोन शब्द बोलू द्यायचे. नाहरकतरावांनी सगळ्या अटी मान्य केल्या. सिनेमात यातलं काहीच होणार नव्हतं, त्यामुळे ते सोपं होतं.

लेक या दिवसांत ट्रेनिंगसाठी गेली होती. परत आली ती फळ्यापाशी थांबूनच वर आली. तिच्या एका मित्राने त्या फळ्याचा फोटो काढून सगळ्या ग्रुपला पाठवला होता आणि तिथे दोन दिवस हसण्याची लाट आली होती. ती हसत नव्हती. तिने बॅग खाली ठेवली.

“बाबा, राहू द्या. रद्द करा ते. जायच्या आधी मला हा तमाशा नको.”

एवढी खटपट, तो कागद, ती गेलेली खिडकी, यातलं काही नाहरकतरावांनी तिला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ते उपकार मोजल्यासारखं झालं असतं. त्यांना फार वाईट वाटलं. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि डॉक्टरांनी पलीकडून विचारलं, दात दुखतायत का.

बायको इतके दिवस या प्रकरणात मधे पडली नव्हती. आता ती लेकीच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि थोड्या वेळाने बाहेर आली. आत काय बोलणं झालं ते कळलं नाही. पण लेक बाहेर आली, डायनिंग टेबलवरचा सह्यांचा कागद तिने उचलला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि केसांच्या अटीपाशी तिला हसू आवरेना. रविवारी प्रोजेक्टर कोण आणणार, एवढंच तिने विचारलं.

रविवारी सभागृह भरलं. लेकीचे मित्र दोनतीनच आले. बाकीची सगळी इमारत होती. पंथात काय चालतं ते फुकटात बघायला मिळतंय, तर कोण घरी बसेल. शिवणकामवाल्या बाई डोक्याला घट्ट रुमाल बांधून आल्या होत्या. सचिव पहिल्या रांगेत बसले आणि त्यांनी जाहीर केलं, की सभागृह साडेसातला कॅरमवाल्यांना द्यायचं आहे. नाहरकतराव लेकीच्या शेजारी बसले. चर्चेत वापरायचे म्हणून त्यांनी काही शब्द तोंडपाठ करून ठेवले होते: अबोध मन, प्रतीक, विघटन. ते पुन्हा पुन्हा पुटपुटत होते.

सिनेमा लेकीने निवडला होता. एक माणूस रोजच्यासारखा कामावरून घरी येतो आणि बेल वाजवतो. बायको दार उघडते आणि अगदी प्रेमाने विचारते, कोण हवंय आपल्याला. तो म्हणतो, अगं, मी. ती म्हणते, या ना, बसा. मुलं येऊन नमस्कार करतात. भिंतीवरच्या फोटोत तो आहे, पण ते कोणाच्या लक्षात येत नाही. तो आधी चिडतो, मग समजावतो, आणि मग हळूहळू पाहुण्यासारखा सावरून बसतो. इथपर्यंत बघून नाहरकतरावांची बायको उठून घरी गेली, कारण मेहुण्यांची जेवायची वेळ झाली होती.

पहिली पाचदहा मिनिटं सगळे शांत होते. पंथ काही सुरू होईना, तेव्हा लोक सिनेमातच लक्ष घालायला लागले. शिवणकामवाल्या बाईंनी मोठ्याने सुचवलं, की कपाटातला त्याचा शर्ट काढून अंगावर घालून दाखव म्हणावं, खांद्यात बसला की झालं. डॉक्टर म्हणाले, त्यापेक्षा दातांचा एक्स-रे. विमा एजंटाने वारसदार म्हणून बायकोचं नाव कुठल्या पॉलिसीत आहे का विचारलं. सचिव म्हणाले, सभासदांची नोंद असतेच, सचिवाकडे जावं. लेकीच्या मित्रांनी सुरुवातीला श्श केलं, पण पुढे त्यांनाही राहवेना आणि त्यातला एक तर बाईंच्या शर्टाच्या मुद्द्याला पाठिंबा द्यायला लागला. कॅरमवाले दाराशी येऊन उभे राहिले होते. ते आपसात कुजबुजले आणि मग त्यांनीही मागच्या रांगेत बसून घेतलं.

पण साडेसात म्हणजे साडेसात. सिनेमा संपायला थोडासाच वेळ उरला होता, पडद्यावर त्या माणसाच्या हातात चहा आला होता, आणि सचिवांनी उठून दिवे लावले. सगळ्यांनी आरडाओरडा केला, पण मुख्याध्यापकांनी आजवर घंटेपुढे कोणाचं ऐकलं नव्हतं. चर्चा करायची तर कॅरमचा बोर्ड मांडेपर्यंत करा, म्हणाले.

तेव्हा लेक म्हणाली, “बाबा, तुम्ही काहीच बोलला नाहीत.”

सगळे नाहरकतरावांकडे बघायला लागले. ते उठले. प्रतीक आठवलं, पण कशाचं ते आठवेना. विघटन तर मुळापासूनच गेलं.

“मला त्या बशीची भीती वाटली,” ते म्हणाले.

मागून कोणीतरी विचारलं, कसली बशी.

“त्या बाईने त्याला चहा दिला तो बशीत कप ठेवून दिला. वरच्या फळीवरचे चांगले कप काढले. घरच्या माणसाला कोणी बशी देतं का? घरच्याला नुसता कप देतात, तोही ओला.” ते थांबले. पुढचं ते लेकीकडे बघून बोलले. “त्यांनी त्याला ओळखलं नाही, त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. सिनेमा आहे. पण त्याने ती बशी घेतली आणि थँक यू म्हणाला, तेव्हा मला कसंतरीच झालं. तू आता जाशील. मग सुटीत येशील. एखाद्या वेळी तुझी आई तुला बशीतून चहा देईल, तूही घेशील, आणि आमच्या कोणाच्या लक्षातही येणार नाही. एवढंच माझं मत आहे.”

ते खाली बसले. लेक प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होती, ती तिने एकदा गुंडाळली, सोडली आणि पुन्हा गुंडाळली. शेवटी शिवणकामवाल्या बाईंनीच विचारलं, ते सगळं असो, पण त्याला शेवटी घरात घेतात की नाही तेवढं सांग बाई, नाहीतर झोप यायची नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. कॅरमवाले बोर्ड हातात धरून थांबले.

“घेतात,” लेक म्हणाली. “शेवटी ओळखतात त्याला.”

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. डॉक्टर म्हणाले, चांगला सिनेमा आहे. बाईंनी डोक्याचा रुमाल सोडला. पंथाचं काय झालं, हे विचारायची कोणाला आठवणही राहिली नाही.

जिना चढताना नाहरकतराव मधल्या वळणावर थांबले. “खरंच घेतात त्याला?”

“नाही,” लेक म्हणाली. “तो चहा पितो, बरं येतो म्हणतो आणि निघून जातो. ती दार लावून घेते.”

“मग तू खोटं का सांगितलंस?”

“तुम्ही ते बशीचं बोललात. त्याच्यानंतर मला तो शेवट सांगवेना.” तिचे डोळे भरून आले होते, ते तिने बाहीने पुसले. “पण बाबा, शेवट तोच बरोबर आहे. तो दिग्दर्शक फार मोठा आहे.”

“असेल मोठा. चुकलाय तो,” नाहरकतराव म्हणाले.

लेक म्हणाली, चुकलेला नाही, मुद्दाच तो आहे. ते म्हणाले, मुद्दा असो की आणखी काही, स्वतःच्या घरातून माणूस असा उठून जाऊच शकत नाही, तो काय निघायच्या तयारीने सोफ्यावर चप्पल घालून बसला होता का. ती म्हणाली, तुम्हाला सगळं खरंखुरं लागतं. ते म्हणाले, मग काय लागायला पाहिजे. दोघांचेही आवाज चढले होते. वरचं दार उघडलं आणि बायकोने कठड्यावरून वाकून बघितलं.

“भांडताय की काय दोघं?”

“नाही गं,” नाहरकतराव म्हणाले. “बोलतोय.”

तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. पण तिच्या मनात दुसरंच काही होतं.

“बरं, मी उठून आले मधेच. त्या माणसाला घेतलं का शेवटी घरात?”

लेक बापाकडे बघायला लागली.

“घेतलं,” नाहरकतराव म्हणाले. “घर त्याचंच होतं.”

“मग बरं झालं,” असं म्हणून ती आत वळली. “या आता वर. चहा टाकलाय.”

“आई, मला बशी नको,” लेकीने जिन्यातूनच ओरडून सांगितलं.

“तुला कधी दिलीये बशी?” आतून उत्तर आलं.